वकिलाची पारख
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मावळात जमिनीला भाव आला, आणि हक्कसोडपत्रावर सही करावी की न करावी हा प्रश्न लेकीबाळींपुढे उभा राहिला. सल्ल्यासाठी आपण मोबाइल उघडतो. तेथे कोणा वकिलाच्या नावापुढे पाच तारे, कोणी ‘सर्वोत्तम’! पण यादीतला वरचा क्रमांक पैसे मोजूनही मिळतो. ती पारख नव्हे.

बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाप्रमाणे वकिलाने जाहिरात करू नये. पाटीवर ‘अमुक कामातील तज्ज्ञ’ असेही लिहू नये. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देता येते. वकिलांना असे तारे देणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध पावले उचलावीत, असे मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बार कौन्सिलला बजावले.

तेव्हा तारे मोजू नका. सनदेचा क्रमांक विचारा, फीची पावती मागा, वडगावच्या न्यायालयात त्यांचे काम पाहून या. आणि पैसा नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

सल्ला आधी, सही मागाहून, एवढे ध्यानात ठेवा.