तोल यंत्राचा, निवड माणसाची



दोन समांतर चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारे ‘सेगवे’ हे वाहन अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये जगासमोर आणले. जायरोस्कोप संवेदक चालकाचा कल ओळखतात व विद्युत मोटारी त्या दिशेने चाके फिरवतात. २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तरीही चालण्याची क्षमता मर्यादित असलेल्या व्यक्तीने असे वाहन कसे निवडावे, हा प्रश्न कायम आहे.

पहिली कसोटी शरीराची. सेगवे आपला तोल सांभाळते, चालकाचा नव्हे. ज्याला उभे राहता येते, पण दूरवर चालता येत नाही, त्याला ते उपयुक्त; ज्याला उभे राहणेच कठीण, त्याला ते धोक्याचे. केमन यांचीच ‘आयबॉट’ चाकखुर्ची मात्र बसून चालवता येते व जिनेही चढते. तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्यता दिली.

दुसरी कसोटी मार्गाची. वाटेत खड्डे, उंबरठे किती? वाहन उचलणार कोण? बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे?

तिसरी कसोटी कायद्याची. अमेरिकेच्या २०१० च्या नियमांनी दिव्यांगांना सार्वजनिक ठिकाणी अशी वाहने सुरक्षिततेच्या मर्यादेत वापरण्याची मुभा दिली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम्यतेच्या तरतुदी आहेत.

मित्रहो, यंत्राची नवलाई गौण आहे. त्या व्यक्तीला कोणाच्याही मदतीशिवाय घराबाहेर पडून सुखरूप परतता येते का, हीच खरी परीक्षा होय.