यथाशक्ती प्रातःसाधना

(नाशिक येथील कुटुंब एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



नाशिकमध्ये पहाटेच्या साधनेविषयी बोलायचे, तर आरंभ टाकळीपासूनच करावा लागतो. बारा वर्षांचे नारायण ठोसर जांबेहून या पंचवटीत आले आणि नंदिनी-गोदावरीच्या संगमावर त्यांनी बारा वर्षे तप केले. इ. स. 1620 ते 1632 हा तो काळ मानला जातो. पहाटे सूर्यनमस्कार, माध्यान्हापर्यंत पाण्यात उभे राहून जप, त्यानंतर पंचवटीत माधुकरी आणि दुपारी ग्रंथाध्ययन, असा त्यांचा दिनक्रम परंपरा सांगते. नमस्कारांची संख्या रोज बाराशे होती, असेही परंपरा सांगते. त्या तपातून समर्थ रामदास घडले.

हे चरित्र ऐकून अनेक तरुण उत्साहाने संकल्प करतात. उद्यापासून चार वाजता उठायचे, शंभर नमस्कार घालायचे, ध्यान करायचे. पहिला आठवडा उत्तम जातो. दुसऱ्या आठवड्यात कचेरीत डुलक्या येऊ लागतात, घरात चिडचिड वाढते आणि महिनाअखेर संकल्प संपतो. हानी एवढ्यावर थांबत नाही. ‘आपल्याकडून काही होणार नाही’ ही भावना मनात घर करते आणि तो तरुण हळूहळू शाखेवरूनही दिसेनासा होतो. एक चांगला कार्यकर्ता आळसामुळे नव्हे, तर चुकीच्या मापामुळे गमावला जातो.

समर्थांनी मात्र स्वतःचे माप इतरांवर लादले नाही. टाकळीतील साधक ब्रह्मचारी होता. त्याच्यावर संसाराचा भार नव्हता. पुढे दासबोधाच्या अकराव्या दशकातील तिसऱ्या समासात त्यांनी प्रापंचिकासाठी दिनचर्या सांगितली, तेव्हा पहाटे उठण्याचा आग्रह कायम ठेवला. पण भगवंताच्या स्मरणालाही शक्तीचे माप लावले, फलाहारास स्थान दिले आणि त्यानंतर संसारधंदा करावयास सांगितले.

शास्त्र काय सांगते?

आयुर्वेदाची भूमिकाही हीच आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा विधी सांगितला, तो ‘स्वस्थ’ मनुष्यासाठी. हा शब्द आपण सहसा विसरतो. व्यायाम बलवान मनुष्यानेही अर्ध्या शक्तीने करावा, तोही हिवाळ्यात व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. अजीर्ण झालेल्याने, बालकाने व वृद्धाने तो टाळावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कपाळावर घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडली आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. रात्री जागरण घडलेल्याने जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे, अशीही सूचना याच ग्रंथात आहे.

ब्राह्ममुहूर्त म्हणजे घड्याळातील चार, हाही एक रूढ गैरसमज आहे. सूर्योदयापूर्वी 96 मिनिटांनी तो सुरू होतो आणि 48 मिनिटे टिकतो. नाशिकचा सूर्योदय जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यास सातनंतर होतो. म्हणजे उन्हाळ्यात हा मुहूर्त सव्वाचारनंतर आणि ऐन थंडीत साडेपाचच्या सुमारास लागतो. पूर्वजांची पहाट सूर्याबरोबर सरकत होती. ती एकाच आकड्यावर अडवून ठेवली ती आपल्या गजराने.

आधुनिक विज्ञान याला दुजोरा देते. शरीरातील जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सर्वांचे सारखे नसते. किशोरवयात झोप उशिरा लागते, उतारवयात लवकर जाग येते. प्रौढांना साधारण सात तास, तर किशोरांना आठ ते दहा तास झोप हवी. महाराष्ट्र शासनानेही 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचे आदेश दिले, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच.

आपापले माप

मग शिस्तीचे काय, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतील. डॉ. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभे केले, ते शिस्तीसाठीच. परंतु सैनिकी छात्रावासात उठण्याची वेळ ठरते, तशी दिवे मालवण्याचीही ठरते. घरात मात्र रात्री अकरापर्यंत दूरचित्रवाणी व बारापर्यंत मोबाइल, आणि पहाटे मुलाच्या अंगावरचे पांघरूण ओढले जाते. याला शिस्त म्हणता येत नाही. संघातही प्रभात शाखा आहे, तशी सायं आणि रात्र शाखाही आहे. ज्यांना रोज जमत नाही त्यांच्यासाठी साप्ताहिक मिलन आहे. वेळ बदलली तरी प्रार्थना तीच राहते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात तिसरी पाळी करून सकाळी घरी येणारा कामगार आणि रात्रीच्या विजेवर द्राक्षबागेला पाणी देणारा निफाड-दिंडोरीचा शेतकरी यांनी पहाटे चारचा हट्ट धरू नये. आधी झोप पूर्ण करावी. उठल्यावर स्नान, स्मरण आणि नमस्कार करावेत. त्यांची ‘पहाट’ तीच.

घरातील गृहिणीचा विचार तर क्वचितच होतो. सर्वांच्या आधी ती उठते आणि सर्वांच्या नंतर झोपते. तिला प्राणायाम करण्याचा उपदेश करण्याआधी रात्रीची भांडी आणि सकाळचे पाणी भरणे दुसऱ्या कोणी उचलले, तर तिला अर्धा तास अधिक विश्रांती मिळेल. कुटुंब प्रबोधनाचा आरंभ येथूनच व्हावा.

कृती सोपी आहे. पंधरा दिवस एका वहीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि दिवसात केव्हा उत्साह असतो, केव्हा मरगळ येते, याची नोंद ठेवावी. त्यानंतर प्रथम झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी आणि तेवढेच लवकर उठावे. हे अंगवळणी पडल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. साधनेचा एक न चुकणारा गाभा ठरवावा: प्रातःस्मरण आणि तीन सूर्यनमस्कार. शक्ती असेल त्या दिवशी बारा घालावेत, चोवीस घालावेत. ताप असेल त्या दिवशी केवळ स्मरण करावे. संख्या कमी-अधिक होऊ द्यावी, नित्यता सोडू नये. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

शरीर हे राष्ट्रकार्याचे साधन आहे. साधन झिजवायचे ते कार्यासाठी; हट्टापायी मोडायचे नाही. चाळीस दिवसांच्या उग्र व्रतापेक्षा चाळीस वर्षे टिकणारी साधी साधना समाजाच्या अधिक उपयोगी पडते. आज घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून, सर्वांत लहान मुलापासून आजी-आजोबांपर्यंत, ज्याची त्याची झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरवावी आणि उद्याची पहाट आज रात्रीच वेळेवर दिवे मालवून सुरू करावी.