युरियाचं पोतं आणि निकेलची जाळी



परभणीच्या मोंढ्यातून शेतावर जाणारं युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंहून थोडं जास्त. हे नत्र अमोनियातून येतं आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. हिशेब मांडला तर पोत्यामागे साधारण साडेचार किलो हायड्रोजन. आज आपण तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतो, आणि त्या वायूचा मोठा वाटा परदेशातून जहाजानं येतो.

हाच हायड्रोजन पाण्यातून विजेनं काढायचा तर किलोमागे पन्नासेक युनिट वीज जाते. पोत्यामागे सव्वादोनशे युनिट! पोतं तुम्हाला अनुदानामुळे २६६ रुपयांच्या आसपास मिळतं. एवढ्या विजेचं बिल किती होईल ते तुम्हीच सांगा. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न आधी येणार हे मला ठाऊक आहे. किलोभर हायड्रोजनला नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे पोत्यामागे चाळीस लिटर. बोअरचं क्षारयुक्त पाणी शुद्ध करताना वाया जाणारं आणि यंत्र गार ठेवायला लागणारं पाणी वेगळं. तरीही खरी अडचण विजेचीच.

हा उद्योग आपल्या देशाला नवा नाही. पंजाबात नांगलला १९६०च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवत. तिथे युरिया होत नव्हता, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट होत असे. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो नुसत्या पाण्यातून कुठून येणार? ही गोष्ट हरित, म्हणजे सौर-पवन विजेनं पाण्यातून काढलेल्या, हायड्रोजनच्या जाहिराती सांगत नाहीत. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं उद्दिष्ट ठेवलं. त्या आकड्यांवर मी वेळ घालवत नाही.

अडचण विजेची, तर एवढी वीज जाते कुठे? सिद्धान्तानं पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरतात. कारखान्यात १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. काही विद्युतदाब यंत्रातल्या द्रावणाच्या रोधात जातो, काही इलेक्ट्रोडला, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या धातूच्या जाळीला, चिकटून बसलेल्या बुडबुड्यांपायी. पण मोठी गळती इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर होते, त्यातही ऑक्सिजनच्या बाजूला. तिथे एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. दोन दशांश व्होल्ट वाचवले तर पोत्यामागे तेवीस-चोवीस युनिट वाचतात. सगळं संशोधन चाललंय ते या दोन दशांशांसाठी.

पृष्ठभागावरची ही गळती कमी करण्याचं काम प्लॅटिनम आणि इरिडियम उत्तम करतात, पण त्यांचा भाव विचारू नका. निकेल त्या मानानं स्वस्त, आणि यंत्रातल्या ७०-८० अंशांच्या कडक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात वर्षानुवर्षं टिकतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत मरे रेनी नावाच्या अभियंत्यानं निकेल-अॅल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात टाकला. अॅल्युमिनियम विरघळून गेलं, उरलं स्पंजासारखं सच्छिद्र निकेल. आपण कापूसवाले, म्हणून आवर्जून सांगतो: त्याला ते हवं होतं सरकीचं तेल घट्ट करायला. तेच सच्छिद्र निकेल पुढे हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडवर चढलं. आज आपण जिला नॅनोरचना म्हणतो, तिचा पूर्वज हाच स्पंज. मूठभर धातूत अफाट पृष्ठभाग.

लोखंडाची कथा याहून गमतीची आहे. निकेलच्या बॅटरीत लोखंडाचा अंश म्हणजे भेसळ. १९८७ साली डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं, की लोखंडाचा तोच किंचित अंश निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन कितीतरी सहज सुटू देतो. आज ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोखंड आणि हायड्रोजनच्या बाजूला निकेल-मॉलिब्डेनम या जोड्यांकडे जगाचं लक्ष आहे.

या धातूंचे थर इलेक्ट्रोडवर चढवायला मोठा कारखाना लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या गटानं बीकरमध्ये, साध्या रासायनिक पद्धतींनी पातळ थर चढवण्याचं मोठं काम उभं केलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला परवडेल असं हे विज्ञान आहे.

माझी तक्रार पुढे आहे. शोधनिबंधात चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरवरचा व्होल्टचा आकडा छापतात. कारखान्यात कित्येक शे मिलिअँपिअर वाहतात. निबंधात इलेक्ट्रोड शंभर तास टिकला की टाळ्या. कारखान्याला तो आठ-दहा वर्षं हवा. आणि आपल्याकडे या कामाची वीज उन्हाची असणार. सूर्य मावळला की यंत्र थांबतं, मग ते बॅटरीसारखं वागू लागतं, आतून उलटा प्रवाह वाहतो. हायड्रोजनच्या बाजूचं निकेल त्यात ऑक्सिडाइज होतं, मॉलिब्डेनम विरघळू लागतं, नाजूक नॅनोथर सुटून खाली बसतो. पहिल्या दिवशीचा विक्रम अशा वेळी काय कामाचा?

इथल्या विद्यार्थ्यांना मी वेगळी परीक्षा घ्यायला सांगेन. प्रवाह कारखान्याइतका ठेवा. वीजपुरवठ्याला टायमर लावा, आणि तो बंद झाला की दोन्ही इलेक्ट्रोड तारेनं एकमेकांना जोडून ठेवा, म्हणजे तोच उलटा प्रवाह वाहील. सकाळी पुन्हा सुरू करा. असं शेकडो वेळा झाल्यावर व्होल्ट मोजा आणि तो आकडा निबंधाच्या पहिल्या पानावर छापा.