पेटीला गळा देणारा माणूस



मघाशी स्वागतगीत चालू असताना तुम्ही गाणाऱ्या मुलींकडे पाहत होतात, माझं लक्ष पेटीवर बसलेल्या मुलाकडे होतं. दुसऱ्या कडव्यात एका मुलीचा श्वास अपुरा पडला. त्यानं भाता किंचित दाबून तो सूर धरून ठेवला, आणि ती पुन्हा सुरावर येऊन बसली. तीस वर्षं मी डोंबिवलीत पेटी शिकवतोय. बोटं कुठे ठेवायची ते मी सांगू शकतो. पण हे सूर धरणं त्या मुलाच्या कानाचं काम आहे.

म्हणून आज असाच कान असलेले पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे यांच्याविषयी बोलतो. कोल्हापूरकडचे, जन्म १८८१चा. पेटी तेव्हा आपल्याकडे नवीनच होती. फ्रान्समध्ये दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी, हातानं भाता मारायची पेटी घडवली. पट्ट्या पियानोसारख्याच, काळ्या-पांढऱ्या. पियानोत तारेवर हातोडी पडते, पेटीत वाऱ्यानं पितळेची पत्ती थरथरते. पण दोन पट्ट्यांच्या मधला सूर दोन्हीकडे नाही. मग एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड कशी काढणार? याच आक्षेपावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते १९७१पर्यंत बंदच होतं. आपल्या ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली, ती त्याच मधल्या जागेच्या शोधात.

टेंब्यांच्या हाती साधी पेटी होती. त्यांनी ती गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला धरली. बुवांना देवगंधर्व म्हणत. कल्याणच्या गायन समाजात त्यांच्याच नावानं महोत्सव होतो. गाणारा कुठे थांबतो, कुठे सूर सोडता सोडता परत उचलतो, हे टेंब्यांनी त्या गळ्याजवळ बसून ऐकलं आणि बोटांत उतरवलं. नुसत्या पेटीची मैफल रंगवणारा वादक तिथून तयार झाला.

मग १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं खाडिलकरांचं ‘मानापमान’ हे नाटक रंगमंचावर आणलं. त्याच्या चाली टेंब्यांच्या. पूरब अंगाची ठुमरी, कजरी त्यांच्या कानात होती, ती त्यांनी मराठी पदांत आणली आणि गायक-नट बालगंधर्वांच्या गळ्यात ठेवली. शंभर वर्षांवर झाली, तरी ती पदं आजही मैफलीत गायली जातात. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत ते होते. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिलं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

एक माझी आठवण सांगतो. ऐन गर्दीच्या वेळी लगेजच्या डब्यातून पेटी घेऊन ठाण्याला उतरलो आणि ती फलाटावर आपटली. गाणं तासाभरावर आलेलं, आणि मध्यम गप्प. झाकण काढलं. पत्तीखाली लाकडाची बारीक ढलपी अडकली होती. कागदाची पट्टी आत सरकवून ती काढली तेव्हा सूर बोलला, पण चढा. कानशीनं पत्ती बुडाशी जरा खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. एक घासा जास्त झाला तर पत्ती वाया. घासायचं, फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. आत गायिका तंबोरा लावत होत्या. त्यांच्या षड्जाशी माझा मध्यम जुळला तेव्हा हात थरथरत होते. त्या रात्री पहिल्यांदा मी प्रत्येक सूर वाजवायच्या आधी ऐकला.

ती पेटी आज सोबत आणली आहे. बक्षिसं वाटून झाली की याच रंगमंचावर तिचं झाकण काढतो. पत्त्या पाहायच्या असतील त्यांनी थांबा. आणि मघाचा पेटीवाला मुलगा कुठे बसलाय? बाळा, तू पुढे ये, कानस तुझ्या हातात देतो.