अंगठा आमचा, संशयही आमच्यावरच

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाबद्दल सकाळपासून बोलणे झाले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा होईल. मधल्या वेळात आम्हाला आपल्या बोटांबद्दल थोडे बोलायचे आहे. हसू नका. उजवा हात पुढे करा आणि अंगठ्याच्या रेघा मोजता येतात का ते बघा.

कापसाचे एक बोंड म्हणजे साधारण चार ग्रॅम कापूस. किलोला अडीचशे बोंडे झाली. दिवसाला चाळीस किलो वेचणाऱ्या बाईची बोटे दहा हजार वेळा वाळल्या बोंडात जातात, आणि बोंडाची टोके कशी बोचतात हे इथे कुणाला सांगायला नको. वेचणी संपली की ज्वारी काढायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. त्यात थंडीने कातडी तडकलेली. अशा बोटाला सरकारचे यंत्र म्हणते, तू तो माणूस नव्हेस.

आमच्या गावच्या एका आजीचा सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता थांबला. ई-केवायसी करा, असे सांगण्यात आले. आजी तालुक्याच्या एका केंद्रावर गेली. पोराने अंगठा ठेवायला सांगितला, लाल दिवा लागला. हात धुऊन ठेव, तेल लावून पूस, दुसरे बोट ठेव, सगळे झाले. पोरगा म्हणाला, ''आजी, नीट ठेवा ना.'' आजी म्हणाली, ''बाबा, नीटच ठेवलं. पऱ्हाटीत झिजलं ते, आता काय नवं बोट लावून आणू?''

मग पोराने दुसरा मार्ग काढला. मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा. आधारला जोडलेला नंबर होता थोरल्या मुलाचा. तो मुलगा पुण्याला कामाला गेला, रिचार्ज परवडेना म्हणून ते सिम बंद पडले. मग नंबर बदला. त्यासाठी आधारच्या केंद्रावर गेलो, तर तिथे पुन्हा अंगठा! विहिरीत पडलेली बादली काढायला दोर हवा आणि दोर बादलीलाच बांधलेला, अशी गत झाली. शेवटी डोळ्यांच्या यंत्रावर काम झाले, पण तोपर्यंत चार खेपा पडल्या होत्या.

त्या चार खेपांचा हिशोब मांडा. समजा वेचणीचा दर किलोला दहा रुपये. चाळीस किलोचे चारशे, चार दिवसांचे सोळाशे. शिवाय प्रवास, चहा, झेरॉक्स. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे, ते खरे. बुडालेल्या मजुरीला मात्र अर्धे तिकीट नाही. दोन हजारांच्या हप्त्याचे हातात काय उरले ते तुम्हीच सांगा.

आता कोणी म्हणेल, ही मंडळी कुलपाच्याच विरोधात आहेत. तसे नाही. चोर आहेत. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचललेले आपण पाहिले आहे. कास्तकाराकडून पडत्या भावात घेतलेला कापूस त्याच्याच सातबाऱ्यावर खरेदी केंद्रात घालणारे व्यापारी पाहिले आहेत, आणि चार पैशांसाठी सातबारा देणारे आपल्यातलेच होते हेही कबूल करू. खळ्यावर जागल आपणही ठेवतो. पण जागल्या अनोळखी माणसाला अडवतो. मालक रात्री खळ्यावर आला तर त्याची झडती घेत नाही. इथे उलटे आहे.

आणि चोर अडतो का? तेलंगणात २०१८ साली एका माणसाने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यांचे रबरी ठसे केले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. ज्यांचे अंगठे गेले ते दस्त करणारे साधे लोक होते. कुलपाची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठा चोरीला गेला तर काय बदलायचे?

यंत्र किती चुकते हेही बघा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात आधारच्या प्राधिकरणानेच आकडे दिले, की सरकारी सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरात बारा वेळा नाही. बाजार समितीच्या काट्याने शंभर गाड्यांत बारा वेळा चूक केली तर त्या काट्याला सील लागते. इथे काटा जागेवर राहतो आणि गाडीवाल्याला परत पाठवतात.

गेल्या काही वर्षांत हे वाढतच गेले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो भाव कापूस महामंडळाच्या केंद्रावर मिळवायचा तर आधी मोबाईलच्या ॲपवर आधारसकट नोंदणी. त्याच हंगामात १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ होते. बंदरावर उतरलेल्या गाठीला कोणी ओटीपी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही.

अंगठ्याची ही गोष्ट जुनी आहे. आपल्या आजे-पणज्यांच्या कागदांवर कुणब्याची निशाणी नांगर आणि बाईची निशाणी बांगडी असे. १८५८ साली बंगालात जंगीपूरला हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा पंजा करारावर उमटवून घेतला, तो त्याला वचक बसावा म्हणून, उद्या सही नाकारू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, तिचे मुख्य काम गुन्हेगार ओळखण्याचे. ज्या रीतीचा जन्म संशयातून झाला ती आज रेशनच्या दुकानात येऊन बसली आहे.

पण त्याच शतकात दुसरीही एक गोष्ट घडली, ती आम्हाला जास्त कामाची वाटते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दंगे पसरले, सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सावकाराने शेतकऱ्याला पैशाची लेखी पावती दिली पाहिजे, मागेल तेव्हा हिशोब दिला पाहिजे, असे त्यात होते. इंग्रजाचे राज्य होते, तरी पावती शेतकऱ्याच्या हातात आली. कायद्याने सगळे भले झाले असे नाही, पण पुरावा दोन्ही बाजूंनी असावा, एवढे तत्त्व मान्य झाले.

आज आजी चार वेळा परत आली, त्याचा कागद कुठे आहे? यंत्राने नाही म्हटले याची नोंद यंत्रात आहे, आजीच्या हातात काही नाही. उद्या तक्रार केली तर साहेब म्हणतो, ''तुम्ही आलाच नव्हता.'' म्हणून आमची मागणी साधी आहे. नकाराची पावती द्या. तारीख, वेळ, कारण आणि आता पुढे कुठे जायचे, एवढे चार शब्द छापून द्या.

नियम आपल्या बाजूचेही आहेत, ते माहीत असू द्या. अंगठा उमटला नाही म्हणून रेशन नाकारू नये, डोळा किंवा ओटीपी वापरावा, तेही जमले नाही तर वहीत नोंद करून धान्य द्यावे, असे आधार प्राधिकरणाचे परिपत्रक २४ ऑक्टोबर २०१७ चे आहे. सन्मान निधीसाठी चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय २०२३ पासून त्याच्या ॲपमध्ये आली. गावातल्या शिकलेल्या पोरांनी आपल्या मोबाईलवरून ती म्हाताऱ्यांना करून द्यावी, त्याला तालुका लागत नाही. बँकेच्या केवायसीत आधीच्या माहितीत बदल नसेल तर तसे लिहून दिले की पुरते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सांगितले, की केवायसीची मुदत भरण्याआधी खातेदाराला तीनदा कळवावे आणि त्यातले एक तरी पत्राने. बँकमित्रालाही हे काम घेता येते. आमच्यातल्या एका कास्तकाराचे खाते ऐन पेरणीत गोठले तेव्हा ना पत्र आले, ना निरोप. यापुढे कुणाचे गोठले तर आधी विचारा, पत्र कुठे आहे ते दाखवा.

आता कामाचे. प्रत्येक गावाने एक शंभर पानी वही घालावी. अंगठा उमटला नाही, नंबर जुळला नाही, खाते थांबले म्हणून जो कोणी परत येईल त्याने त्याच दिवशी लिहावे किंवा लिहून घ्यावे. तारीख, ठिकाण, काय कारण सांगितले, कितवी खेप, किती मजुरी बुडाली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खाली नांगर काढावा, बांगडी काढावी, आमची हरकत नाही. पुढच्या बैठकीला वह्या आणा. बेरीज इथेच करू आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत ती घेऊन जाऊ. वही जमा करताना पोच घ्यायला विसरू नका.