कागदाच्या पाठीवरचे शेरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी चित्रकला वर्गाच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



चित्रकला वर्गाच्या वतीने चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. चित्रे भिंतीवर लावून आपण बाजूला उभे राहावे, हेच आम्हां विद्यार्थिनींना अधिक सोयीचे. पण बाईंची आज्ञा मोडवत नाही. तेव्हा गेल्या दोन वर्षांत गुरुजींनी माझ्या कागदांवर काय शेरे दिले आणि त्यांवरून येत्या वर्षी मी काय करण्याचे योजिले आहे, एवढेच आपल्यापुढे ठेवते.

आमचे गुरुजी हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. त्यांची एक रीत आहे. विद्यार्थिनीच्या चित्रावर ते स्वतःची पेन्सिल कधी टेकवीत नाहीत. चित्र पाहतात, कागद उलटा करतात, मागे एक-दोन ओळींचा शेरा लिहून तारीख घालतात. माझ्याजवळ असे साठ-पासष्ट कागद जमले आहेत. यंदा दिवाळीची आवराआवर झाल्यावर मी ते तारखेप्रमाणे लावले आणि नुसत्या पाठीच वाचून काढल्या. तेव्हा ध्यानात आले, की इतक्या शेऱ्यांत गुरुजी मुख्यतः तीनच गोष्टी सांगत आले आहेत.

पहिली गोष्ट पाहण्याची. आपण घागर रोज उचलतो, घासतो, भरतो. तिचे तोंड गोल, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलेच हात काढू लागतो. गुरुजींचा शेरा असा: "ठाऊक आहे ते बाजूला ठेवा, दिसते ते काढा." घागर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर ठेवली तर तिचे तोंड म्हणजे एक आडवी रेघ दिसते. खाली चौरंगावर आणली की ते थोडे उघडते, लंबगोल होते. जमिनीवर ठेवून वरून वाकून पाहिले म्हणजे पुरे वर्तुळ. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत उंची-रुंदीचे माप घ्यायचे, हेही त्यांनीच शिकविले. वर्गात बसण्याच्या जागेसाठी त्यांनी उत्तरेकडची खिडकी निवडली, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही आणि वस्तूची सावली आपल्या जागी राहते. शाळकरी मुले शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात, तेव्हा हेच धडे गिरवतात. आम्ही ते नातवंडांच्या वयाच्या मुलांमागून गिरवीत आहोत, इतकाच फरक.

दुसरी गोष्ट कापडाची. "कापडाला वजन येऊ द्या," हा शेरा माझ्या निदान दहा कागदांच्या मागे आहे. हा शेरा मला फार जवळचा वाटतो. आपण इचलकरंजीच्या बायका. कापड आपल्याला कोणी शिकवायला नको. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून मागाच्या खडखडाटातच येथील पिढ्या वाढल्या. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात सायझिंगची खळ असते. त्याची घडी कागदासारखी कोनात मोडते. दहा धुण्यांनंतर तेच कापड पाण्यासारखे खाली ओघळते. नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्याची चुणी आणखी निराळी. बोटांना हे सारे कळते. बोटांचे हे ज्ञान डोळ्यांपर्यंत आणि तेथून पेन्सिलीपर्यंत कसे न्यावे, ते गुरुजींनी दाखविले. आधी कापड कोठून लटकते तो बिंदू शोधायचा, खांदा, कोपर किंवा खुंटी. सगळ्या घड्या तेथून निघतात. मग उजेडाची बाजू, सावलीची बाजू आणि त्यांच्यामधला करडा पट्टा. त्या करड्या पट्ट्यात कापडाचा जाडपणा राहतो. मुंबईची एखादी विद्यार्थिनी रेखाटनात माझ्याहून शंभर पावले पुढे असेल. पण कोऱ्या आणि धुवट कापडातला भेद मला तिच्याआधी दिसेल, असे मी थोड्या अभिमानाने म्हणते.

तिसरी गोष्ट मात्र मला बरेच दिवस विचार करायला लावणारी होती. गेल्या श्रावणात गुरुजींनी एका कागदामागे लिहिले: "तुमची भांडी समोर पाहतात. माणसे सगळी पाठमोरी आहेत. का?"

मी घरी जाऊन सगळे कागद पाहिले. भाकरी थापणारी, पाणी भरणारी, कांड्या भरणारी, पंचगंगेच्या घाटावर धुणे धुणारी, सगळ्या पाठमोऱ्या. भगिनींनो, याचे कारण मला सापडले ते सांगते. आपण एकमेकींना पाहतो ते कामात असताना, जाता-येता, दारातून किंवा मागून. समोर बसून, काही काम न करता, एखाद्या बाईच्या तोंडाकडे अर्धा तास टक लावून पाहणे हे आपल्या घरांत कधी घडलेलेच नाही. मोठ्यांपुढे मान खाली घालावी, असे आपल्याला शिकविलेले. आणि आपल्याला कोणी तसे पाहू लागले तर पदर सावरून उठून जावे, हेही शिकविलेले. सवय अशी जुनी आहे आणि ती पेन्सिलीतूनही उतरते. गुरुजींनी फक्त "का?" एवढेच विचारले आणि उत्तर माझ्यावर सोपविले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

या वेळी मला अंबिका धुरंधर यांची आठवण होते. त्यांचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर हे आपल्या कोल्हापूरचे. १८६७ साली तेथे त्यांचा जन्म झाला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते तेथेच नामांकित अध्यापक झाले. अंबिकाबाई १९१२ साली जन्मल्या, वडिलांच्याच हाताखाली तयार झाल्या आणि त्याच संस्थेची पदविका घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. २००९ साली त्या वारल्या. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'माझी स्मरणचित्रे' असे नाव दिले. स्मरणचित्र हा शाळेच्या परीक्षेतला एक विषय. समोर काही नसताना आठवणीतून चित्र काढायचे. पण ज्याच्याकडे कधी नीट पाहिलेच नाही, त्याचे स्मरणचित्र तरी कसे निघणार?

हाच विचार मला माझ्या सासूबाईंपाशी घेऊन गेला. त्या आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी कांड्या भरल्या. धोट्यात कांडी बसते, कांडीवरचा धागा आडवा जातो, तेव्हा कापड होते. ती कांडी भरणारे हात बहुतेक बायकांचे. आता गावात धोट्याशिवाय चालणारे माग आले आहेत. त्यांना आडवा धागा थेट कोनवरून मिळतो, कांडी लागत नाही. नवे यंत्र चांगले की वाईट, हे बोलण्याची ही जागा नव्हे. पण तो हात, ती बसण्याची ढब, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारण्याची ती लकब आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहे. सासूबाईंची दृष्टीही मंदावली आहे. मी त्यांना म्हटले, "तुमचे चित्र काढते, समोर बसा." त्या म्हणाल्या, "माझं काय काढतीस? त्यापरीस देवाचं काढ की!" पुष्कळ विनवणी केल्यावर दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास बसायला राजी झाल्या. तीन दुपारी झाल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या अवघडल्या, दुसऱ्या दिवशी डुलकी लागली, तिसऱ्या दिवशी त्या आपणहून जुन्या खात्यातल्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगू लागल्या आणि चेहऱ्यावर काहीतरी उमटले. ते अजून कागदावर आलेले नाही. पण कोठे आहे ते मी पाहिले आहे.

आता पुढच्या वर्षाचा बेत सांगते.

रोज सकाळी, घर उठण्यापूर्वी, वहीत एक रेखाटन करावयाचे. पाच मिनिटांचे, खोडरबर न घेता. आपल्या गावाला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या नावाने सारा महाराष्ट्र ओळखतो. गाणाऱ्याला पलटे घोटावे लागतात तसे चित्र काढणाऱ्याला रेघ घोटावी लागते. त्याला आडवाट नाही. दुसरे, दर महिन्याला कापडाचा एक मोठा कागद करावयाचा, कोऱ्याचा, धुवटाचा, लुगड्याचा, आळीपाळीने. तिसरे, गावातल्या काम करणाऱ्या बारा बायकांची बारा चित्रे काढावयाची, आणि सगळी समोरून. कांडीवाली, भाजीवाली, शिक्षिका, परिचारिका, घरी शिवणकाम करणारी, अशा सगळ्या जणी त्यांत याव्यात. प्रत्येकीने चित्राखाली आपले नाव आणि आपले काम स्वतःच्या हाताने लिहावे, अशी माझी इच्छा आहे. या बारांतले पहिले चित्र सासूबाईंचे. ते आधी पुरे करावयाचे, कारण बाकीच्या अकरा जणींना थांबता येईल.

कार्यकारिणीला एक विनंतीही आहे. मंडळाची यंदाची सहल सातारा जिल्ह्यातील औंधला न्यावी. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली तेथे संग्रहालय उघडले. रविवर्म्याची आणि धुरंधरांची चित्रे तेथे मूळ रूपात पाहावयास मिळतात. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे दगडातले शिल्पही तेथे आहे. छापील चित्रात रंगाचा थर आणि कुंचल्याचा मार्ग दिसत नाही, त्यासाठी मूळ चित्रापुढेच उभे राहावे लागते. कोल्हापूर तर आपल्या हाकेच्या अंतरावर. जे. जे.त शिकून आलेले अबालाल रहिमान शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे राहिले, आणि १९३१ साली वारले ते रंकाळा, संध्यामठ अशी आपल्या भोवतालचीच स्थळे रंगवून. चित्रासाठी दूर जावे लागत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

शेवटी आपणां सर्वांना सांगणे एवढेच, की मला अकरा जणी हव्या आहेत. अर्धा तास समोर बसायचे, पदर हवा तसा घ्यायचा, बोलायला बंदी नाही. चहा माझ्याकडून. चित्र मनासारखे उतरले नाही तर तक्रार गुरुजींकडे नेऊ नये, ते कागद उलटा करून शेरा लिहितील. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पुढच्या वर्धापनदिनी ती बारा चित्रे या भिंतीवर लावण्याचा माझा निश्चय आहे.