विद्यापीठाचा भार कोणी वाहायचा?

(भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक विद्यापीठाचा खर्च शहराने उचलावा की राज्याने, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसांचा वाटतो. वस्तुतः कष्टकऱ्यांच्या मुलामुलींना विद्यापीठाचे दार उघडे राहणार की नाही, असा तो प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाचा इतिहास याची साक्ष देतो.

१८४७ साली त्या शहराच्या मतदारांनी कौल देऊन सार्वजनिक खर्चाने चालणारे विनाशुल्क महाविद्यालय स्थापन केले. पुढे स्थलांतरित कामगारांच्या मुलांच्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या. १९६१ मध्ये शहरातील अशी महाविद्यालये एकत्र करून विद्यापीठ उभे राहिले. तरीही कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन वस्त्यांतील मुले बहुतांशी दाराबाहेरच होती. १९६९ साली त्यांच्यातील विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या इमारतींचा ताबा घेतला. परिणामी १९७० पासून शहरातील माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळू लागला. त्या वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी दाखल झाले.

दार उघडले, तिजोरी मात्र लवकरच बंद झाली. १९७५ साली बँकांनी शहराला नवे कर्ज देण्याचे नाकारले आणि शहराच्या खर्चावर राज्याने निर्मिलेले वित्तीय नियंत्रण मंडळ येऊन बसले. १९७६ च्या मेअखेर पगारालाही पैसे उरले नाहीत आणि विद्यापीठ सुमारे दोन आठवडे बंद पडले. शहर व राज्य यांच्यातील ओढाताणीत अखेर शुल्क लादले गेले. १२९ वर्षांची परंपरा संपली. पूर्णवेळ शिकणाऱ्या गरिबांना राज्याचे साहाय्य होते. दिवसा राबून रात्री शिकणाऱ्यांना त्या वेळी तोही आधार नव्हता.

पुढे १९८२ पर्यंत वरिष्ठ महाविद्यालयांचा सरकारी खर्च राज्याने स्वतःकडे घेतला. त्याबरोबर सत्ताही सरकली: सतरा विश्वस्तांपैकी दहांची नेमणूक गव्हर्नर करतात, पाचांची महापौर. दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांचा भार मात्र राज्य, शहर आणि विद्यार्थी असा तिघांवर राहिला.

यावरून भागीदारीच वाईट, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एकट्या शहराच्या करांवर एवढे विद्यापीठ तगणे कठीण, हे १९७५ ने दाखवून दिले. परंतु दोन तिजोऱ्यांचे वाटे कायद्याने पक्के नसतील, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि उरलेली तूट विद्यार्थ्याच्या खिशातून भरली जाते. म्हणून कोण किती देणार, एवढेच विचारून भागणार नाही. दोघांनीही हात आखडता घेतला तर कोणाकडून काहीही घेतले जाणार नाही, हे आधी ठरले पाहिजे.